विजयदुर्ग, हेलियम आणि तीस वर्षांचा फरक



"तू सॉफ्टवेअरवाली, तेव्हा तंत्रज्ञानावर काहीतरी लिही," असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा आग्रह होता. तंत्रज्ञान रोज दहा तास डोळ्यांसमोर असतेच, म्हणून मी इतिहासाचा विषय घेतला आहे. पण तो विज्ञानाचाच इतिहास आहे आणि आपल्या घरापासून फार लांबचाही नाही.

"हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. नववीच्या सहलीत किल्ल्यावर ऐकले, पुढे वर्तमानपत्रांतून वाचले, आणि आता दर १८ ऑगस्टला ते फोनवर येते, खाली "अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा" असे लिहिलेले. त्याची सविस्तर आवृत्ती अशी: १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन विजयदुर्गावर आला. त्याने किल्ल्यात ओटे बांधून घेतले, त्यांवरून ग्रहण पाहिले, सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली आणि हेलियमचा शोध लागला. ते ओटे आजही 'साहेबांचे ओटे' म्हणून दाखवले जातात.

यात खरे किती? ग्रहण खरे. लॉकियर खरा. किल्ला आणि ओटे तर आपण हात लावून पाहिलेले. पिवळी रेषा खरी आणि हेलियमही खरा. फक्त हे सगळे एका दिवशी, एका ठिकाणी, एका माणसाच्या हातून घडलेले नाही. ते कसे घडले, हेच या लेखात सांगायचे आहे. विजयदुर्गाचे श्रेय काढून घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही. विजयदुर्गाचा खरा वाटा या गोष्टीतल्या वाट्यापेक्षा वेगळा आहे, आणि मला तो जास्त आवडतो.

प्रकाशातल्या रेषा

आधी थोडे भौतिकशास्त्र. (सर, पेपर तपासायला घेतल्यासारखे वाचू नका.) लोलकातून सूर्यप्रकाश गेला की सात रंग दिसतात, हा प्रयोग आपण अंधाऱ्या प्रयोगशाळेत केला होता. तोच प्रयोग बारीक फट आणि चांगली भिंगे वापरून केला, तर त्या रंगपट्ट्यात असंख्य काळ्या रेषा दिसतात. जर्मनीतल्या किर्खहॉफ आणि बुन्सेन या दोघांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच येतात, जणू माणसाच्या अंगठ्याचा ठसा. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले की जो पिवळा उजेड पडतो, तो सोडियमचा. वर्णपटात त्याच्या दोन जवळजवळ रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. त्यांना डी रेषा म्हणत.

या पद्धतीने बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधलीसुद्धा. म्हणजे १८६८ साली "नवी रेषा, म्हणून नवे मूलद्रव्य" हा तर्क काही वेडगळ नव्हता. पण त्या दोन्ही वेळी पदार्थ टेबलावर होता. रेषा दिसल्यावर त्याच पाण्यातून, त्याच खनिजातून मूलद्रव्य वेगळे काढता आले. सूर्यावरचा पदार्थ कोण आणणार?

खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले, की कडेला लालसर ज्वाळा दिसतात. त्या ज्वाळा कशाच्या, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. वर्णपटदर्शक हाताशी आल्यानंतर भारतातून दिसणारे पहिले मोठे ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे होते. खग्रास स्थिती भारतात पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती. ग्रहणाच्या मानाने हा वेळ पुष्कळ म्हणायचा.

त्या दिवशी कोण कुठे होते

ग्रहणाचा पट्टा अरबी समुद्रातून कोकणात शिरला आणि विजापूर, जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टणम असा बंगालच्या उपसागराकडे गेला. विजयदुर्ग या पट्ट्यात येत होते. तेव्हा त्या दिवशी किल्ल्यावर भरदिवसा अंधार झाला असणार, ही गोष्ट बरोबर आहे.

पण तारीख पाहा. १८ ऑगस्ट, श्रावणातली अमावास्या. कोकणातल्या कोणालाही विचारा, श्रावणात सकाळी सूर्य दिसण्याची खात्री कोण देईल? हजारो मैलांवरून किमती उपकरणे आणणारे लोक घाटाच्या पलीकडे गेले, यात नवल नाही. फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला होता. मेजर टेनंट यांची इंग्रज तुकडीही गुंटूरलाच होती. मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणमला होता, तर त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत तळ देऊन होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. ढगांनी त्याला बरेच छळले, पण ऐन वेळी फट मिळाली. १८६८ च्या प्रमुख मोहिमांच्या या यादीत विजयदुर्ग नाही. लॉकियरही नाही.

या सगळ्यांनी काय पाहिले? ज्वाळांच्या वर्णपटात चमकदार रेषा दिसल्या. लाल आणि निळी रेषा हायड्रोजनची, हे लगेच पटले. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. मोठा प्रश्न सुटला. शिवाय एक पिवळी-नारिंगी रेषा होती. हर्शेलने आणि टेनंटने तिला सोडियमची डी रेषा मानले. पॉगसनने मात्र नोंद केली की ती डी वर किंवा डी च्या जवळ आहे. 'किंवा जवळ' हे दोन शब्द त्याने लिहिले, यात त्याचा प्रामाणिकपणा आहे. उपकरण जेवढे सांगत होते तेवढेच त्याने लिहिले, त्याच्या पुढे एक पाऊलही टाकले नाही.

जान्सेनची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याला त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की त्याच्या मनात आले, ग्रहण नसतानाही या दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या स्वच्छ उन्हात त्याने त्या पाहूनही दाखवल्या. आता ज्वाळांच्या अभ्यासासाठी ग्रहणाची वाट बघायची गरज उरली नाही. हे त्याने १९ सप्टेंबरला काकिनाड्याहून पॅरिसला पत्राने कळवले. हा खरोखर मोठा शोध होता. पण त्या पत्रात नव्या मूलद्रव्याचा उल्लेख नाही. परदेशातली पुस्तकेसुद्धा हेलियमच्या शोधाची तारीख १८ ऑगस्ट आणि शोधक जान्सेन असे बिनदिक्कत छापतात, तेव्हा गडबड फक्त आपल्याकडची नाही.

लंडनमधला कारकून

मग लॉकियर होता कुठे? लंडनला. बत्तीस वर्षांचा नॉर्मन लॉकियर तेव्हा ब्रिटिश युद्ध खात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा घरचा उद्योग. ग्रहण नसताना ज्वाळांच्या रेषा दिसतील ही कल्पना त्याच्याही डोक्यात दोन वर्षे घोळत होती, पण त्यासाठी लागणारा शक्तिशाली वर्णपटदर्शक बनवून मिळायला उशीर झाला. तो १६ ऑक्टोबर १८६८ ला हातात आला. २० ऑक्टोबरला लॉकियरने लंडनमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या रेषा पाहिल्या.

त्याचे आणि जान्सेनचे, अशी दोन्ही पत्रे फ्रेंच अकादमीसमोर एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. अकादमीने दोघांनाही श्रेय दिले आणि फ्रेंच सरकारने पुढे १८७२ साली दोघांचे मुखवटे शेजारी शेजारी कोरलेले पदक काढले. पदकाचा विषय मात्र ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याची पद्धत हा होता, हेलियम नव्हे.

पिवळ्या रेषेवर खरे काम इथून पुढे झाले. ग्रहणाची पाच मिनिटांची घाई नव्हती. लॉकियर रोज, ढग नसतील तेव्हा, पुन्हा पुन्हा पाहू शकत होता. ती रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळत नाही, हे त्याने नक्की केले. डी-१ आणि डी-२ सोडियमच्या, म्हणून हिला डी-३ नाव पडले. आजच्या मोजमापाने ती ५८७.६ नॅनोमीटरवर येते. म्हणजे सोडियमच्या जवळच्या रेषेपासून दीड नॅनोमीटरही लांब नाही. एवढ्याशा अंतरात एक नवे मूलद्रव्य लपले होते.

सत्तावीस वर्षांचा संशय

रेषा सोडियमची नाही, हे ठरले. मग कशाची? लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर वेगवेगळे दाब देऊन पाहिले. हायड्रोजनच निराळ्या परिस्थितीत ही रेषा देत असेल, अशी शंका होती. रेषा आली नाही. तेव्हा हे नवे मूलद्रव्य असावे, असे लॉकियरचे मत झाले. १८७१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात 'हेलियम' हे नाव जाहीरपणे उच्चारले. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिओस म्हणतात, त्यावरून हे नाव आले. शेवटचा 'इयम' हा धातूंना लावायचा प्रत्यय. अंदाज धातूचा होता, निघाला वायू.

रसायनशास्त्रज्ञांनी हे नाव मनावर घेतले नाही. फ्रँकलंड स्वतः कचरत होता. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीवलाही हे पटले नव्हते. कोणी हाताळलेले नाही, वजन माहीत नाही, गुणधर्म माहीत नाहीत, एका रेषेवरून मूलद्रव्य कसे मानायचे?

आपण विज्ञानाच्या गोष्टी वाचतो त्यांत शंका घेणारे नेहमी खलनायक असतात. द्रष्टा शास्त्रज्ञ एका बाजूला आणि त्याला हसणारे जुनाट लोक दुसऱ्या बाजूला. इथे मला शंका घेणाऱ्यांचीच बाजू घ्यावीशी वाटते. त्यांची मागणी योग्य होती: पदार्थ दाखवा.

तो पदार्थ मार्च १८९५ मध्ये मिळाला. लंडनमध्ये विल्यम रॅम्झे क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघणारा वायू तपासत होता. त्याआधी अमेरिकेत हिलब्रँड यांनीही अशा खनिजातून वायू काढला होता आणि तो नायट्रोजन असावा असे म्हटले होते. रॅम्झेला त्यात आर्गॉन सापडेल असे वाटत होते. वर्णपटात दिसली ती झगझगीत पिवळी रेषा. क्रुक्सने मोजमाप करून सांगितले, हीच डी-३. त्याच सुमारास स्वीडनमध्ये क्लीव्ह आणि लँगलेट यांनीही हा वायू वेगळा काढला.

प्रकरण इथेही संपले नाही. जर्मनीच्या रुंग यांनी बारकाईने पाहिले तर प्रयोगशाळेतली पिवळी रेषा एकेरी नव्हती, दोन रेषांची जोडी होती. सूर्यावरची तर एकेरी समजली जात होती. मग दोन्ही एकच कशा? हा आक्षेप कुणी "नसते खुसपट" म्हणून झटकला नाही. हेल आणि हगिन्स यांनी सूर्याकडे पुन्हा नीट पाहिले, आणि सूर्यावरची डी-३ सुद्धा जोडरेषाच निघाली. जो आक्षेप हेलियमला बुडवायला निघाला होता, त्यानेच हेलियमची ओळख पक्की केली. या सगळ्या इतिहासात माझा सर्वांत आवडता प्रसंग हा आहे.

हेलियमचा दुर्दैवी भाऊ

शंकेखोरांची बाजू मी का घेते, त्याचे आणखी एक कारण आहे. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेतल्या हार्कनेस आणि यंग यांना सूर्याच्या प्रभामंडलात एक अनोळखी हिरवी रेषा दिसली. तीही कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तिलाही नवे मूलद्रव्य मानले गेले, नावही मिळाले, 'कोरोनियम'. त्याआधी १८६४ मध्ये हगिन्स यांना तेजोमेघांत अनोळखी रेषा दिसल्या होत्या, त्यांचा झाला 'नेब्युलियम'.

तर्क अगदी तोच: अनोळखी रेषा, म्हणून नवे मूलद्रव्य. जन्मदाखला हेलियमसारखाच. पण नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवले. कोरोनियम म्हणजे अतितप्त लोखंड निघाले. तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची ती रेषा होती, हे ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून १९४० च्या आसपास कळले. कोरोनियम सत्तर वर्षे पुस्तकांत होता. आज त्याचे नावही कुणाला आठवत नाही.

तेव्हा १८७० साली एखाद्या हुशार विद्यार्थ्याला कुणी विचारले असते, "हेलियम आणि कोरोनियम, यांतले विज्ञान कोणते?", तर प्रामाणिक उत्तर एकच होते: अजून सांगता येत नाही. दोन्ही कल्पना मोठ्या माणसांच्या होत्या, दोन्हींमागे उत्तम उपकरणे होती, दोन्ही इंग्रजीत छापल्या गेल्या होत्या. फरक पुढे पडला. एकाने सगळे प्रश्न झेलले, दुसऱ्याला ते झेपले नाहीत. विज्ञान कशाला म्हणायचे, याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. प्रयोगशाळा, पांढरा कोट, आकडे, आलेख यांनी कुठलीही गोष्ट वैज्ञानिक होत नाही. "हे चूक आहे असे कशावरून कळेल?" या प्रश्नाला जी गोष्ट सामोरी जाते आणि टिकते, ती वैज्ञानिक.

माझ्या कामातले उदाहरण द्यायचे तर, प्रोग्राम "माझ्या मशीनवर चालतो" हे वाक्य आमच्याकडे कुणी ऐकून घेत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या हातून, तो मोडायचा प्रयत्न करूनही चालला पाहिजे. त्यासाठी आमच्याकडे पगार देऊन माणसे ठेवलेली असतात. त्यांच्यावर रागावून चालत नाही. ते शत्रू नसतात, रुंग असतात.

मग साहेब विजयदुर्गावर आला केव्हा?

आला. नक्की आला. पण तीस वर्षांनी.

लॉकियर भारतात प्रथम आला तो १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी. तेव्हा तो मलबार किनाऱ्यावर, आजच्या केरळातल्या बेकल किल्ल्यात होता. मग २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण आले आणि या वेळी पट्टा आपल्या महाराष्ट्रातून तिरपा गेला, कोकण किनाऱ्यावरून विदर्भाकडे. महिना जानेवारीचा, आकाश निरभ्र. या वेळी सगळ्या जगाची पावले इकडे वळली. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेल होता, आणि तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन उतरले होते. वर्ध्याजवळ पुलगावला न्यूऑल, तर तळणीला माँडर पतिपत्नी. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलेल्या काळातली ही गोष्ट आहे.

आणि विजयदुर्गावर होते सर नॉर्मन लॉकियर. एकसष्ट वर्षांचे, आदल्याच वर्षी 'सर' झालेले, 'नेचर' या साप्ताहिकाचे संस्थापक संपादक. सोबत ब्रिटिश आरमाराची 'मेल्पोमीनी' ही युद्धनौका होती आणि तिच्यावरच्या खलाशांना ग्रहणाच्या कामासाठी तयार केले होते. दुर्बीण कुणी हलवायची, काच कुणी बदलायची, सेकंद कुणी मोजायचे, सगळ्याची कवायत झाली, कारण खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५६ मध्ये इंग्रजांनी आणि पेशव्यांनी मिळून घेतला होता. तिथेच आता इंग्रजी आरमाराचे खलाशी सूर्याचे फोटो काढायला उभे होते.

या मोहिमेचा अहवाल लॉकियर, कॅप्टन चिझम-बॅटन आणि प्राध्यापक पेडलर यांच्या नावाने रॉयल सोसायटीने छापला. त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गाचे नाव आहे. जड दुर्बिणींना हलणार नाही अशी बैठक लागते. लॉकियरची विजयदुर्गाची मोहीम १८९८ ची, तेव्हा 'साहेबांचे ओटे' त्याच मोहिमेचे मानणे सरळ आहे.

हेलियम तोवर सापडून तीन वर्षे झाली होती. तेव्हा विजयदुर्गाने हेलियम शोधला नाही. तिथे काम चालले होते ते पुढच्या प्रश्नांवर. चंद्र सूर्याला झाकतो त्या क्षणी कडेचा पातळ थर एखाद-दोन सेकंद चमकतो. त्याचा वर्णपट कॅमेऱ्यात पकडायचा होता. आणि १८९८ च्या ग्रहणातल्या छायाचित्रांनी एक महत्त्वाची दुरुस्ती केली. कोरोनियमच्या त्या हिरव्या रेषेची जागा जवळजवळ तीस वर्षे चुकीची मानली जात होती, ती आता बरोबर मोजली गेली. जागाच चुकीची असती तर पुढे ती लोखंडाशी जुळवता आली नसती. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात त्या जानेवारीत जे ग्रहण पाहिले गेले, त्याचा हात हेलियमच्या जन्मापेक्षा कोरोनियमच्या मरणाला जास्त लागला आहे. माझ्या लेखी ही काही कमी प्रतिष्ठेची गोष्ट नाही.

घोटाळा कसा झाला असेल

आमच्या भाषेत सांगायचे तर हा चुकीच्या जॉइनचा प्रकार आहे. एका तक्त्यात लिहिले आहे: १८६८, खग्रास ग्रहण, पट्ट्यात विजयदुर्ग. दुसऱ्यात: १८६८, लॉकियर, हेलियम. तिसऱ्यात: लॉकियर, विजयदुर्ग, ग्रहण, ओटे. तिसऱ्याचे साल कुणी पाहिले नाही आणि तिन्ही तक्ते एकमेकांना जोडून टाकले. एकही नोंद खोटी नाही, पण निघालेला निष्कर्ष खोटा आहे. इतिहासाच्या बाई सनावळ्या पाठ करून घ्यायच्या तेव्हा आपण किती कुरकुर करायचो! सनावळीचा उपयोग परीक्षेपुरता नसतो. दोन खऱ्या गोष्टी एकत्र येऊन तिसरी खोटी गोष्ट तयार होत असेल, तर तिला अडवणारी तीच एक असते.

ओटे जपणाऱ्या स्थानिक मंडळींबद्दल मला आदरच आहे. त्यांनी ते जपले नसते तर हा लेख लिहायला निमित्तच उरले नसते. अशी दुरुस्ती सुचवली की काही जणांना वाटते, ही आपल्या अभिमानावर पाणी टाकते आहे. एका वर्गमित्राने तर प्रेमाने विचारलेही, "अगं, कुणाचं काय नुकसान होतंय? पोरं किल्ल्यावर येतात, विज्ञानाचं नाव घेतात. असू दे की." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते.

मुले किल्ल्यावर येतात, ही उत्तमच गोष्ट. पण आपण त्यांना विज्ञानाच्या नावाने सांगतो काय? साहेब आला, एकदा डोळा लावला, शोध लागला. यात मोजणे नाही, चुकणे नाही, 'डी किंवा जवळ' नाही, सत्तावीस वर्षांचा संशय नाही, कोरोनियम नाही. म्हणजे विज्ञान म्हणजे दैवी साक्षात्कार, फक्त महाराजांच्या जागी साहेब. अशी गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाला उद्या कुणी सांगितले, "हे औषध शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध आहे" किंवा "हे कंप्युटरने काढलेले भविष्य आहे", तर तो कुठला प्रश्न विचारणार? त्याने कधी प्रश्न विचारलेला पाहिलेलाच नाही. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे आता "यंत्राने सांगितले म्हणून खरे" असे मानणारे लोक रोज भेटतात, आणि त्यांतले बरेच चांगले शिकलेले असतात. म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

केव्हा, कुठून आणि कशावरून, हे तीन प्रश्न. ते लॉकियरला विचारले गेले, रॅम्झेला विचारले गेले आणि त्यांचे काही वाईट झाले नाही. विजयदुर्गालाही विचारले म्हणून तटबंदीचा एक चिरा ढळणार नाही.

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीची सहल अजून ठरायची आहे, असे ऐकते. माझे मत विजयदुर्गाला. ओट्यांजवळ उभे राहून कुणीतरी मुलांना खरे साल सांगावे, १८९८, आणि आकाशात दोन मिनिटांत काय काय पकडायचे होते ते सांगावे. आणि आपल्या विज्ञानाच्या सरांनी, पूर्वीसारखेच, शेवटी विचारावे, "कशावरून?"

(दहावी 'ब', मार्च १९९६)